दोरी उतरल्यानंतरचे महिने

बडोद्यातल्या मराठी घरांत संक्रांत दोन मजल्यांवर होते. खाली माजघरात तिळगूळ आणि हळदीकुंकू, वर अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, पतंग, फिरक्या, उंधियू, जिलबी आणि दिवसभर 'काप्यो छे'च्या आरोळ्या. दोन्ही मला प्रिय आहेत. पण गेली काही वर्षं १४ आणि १५ जानेवारीला मी या दोन्ही ठिकाणी नसते. वनखात्याच्या देखरेखीखाली चालणाऱ्या, जखमी पक्षी-प्राण्यांच्या एका उपचार केंद्रात मी स्वयंसेवक म्हणून जाते. सुरुवात उत्तरायणापुरतीच, म्हणजे संक्रांतीच्या त्या पतंगांच्या दिवसांपुरतीच होती, आता बँकेची नोकरी सांभाळून वर्षभर जाते. ओळखीचे लोक विचारतात, तिथे नेमकं करता काय आणि त्यातून मिळतं काय? जिन्यात उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून हे सविस्तर.

गुजरातमध्ये २०१७ पासून दर जानेवारीत करुणा अभियान चालतं. साधारण १० ते २० जानेवारी या काळात वनखातं, पशुवैद्यक, अग्निशमन दल आणि स्वयंसेवक मिळून मांजाने जखमी झालेल्या पक्ष्यांसाठी जागोजागी केंद्रं उघडतात. १९६२ या क्रमांकावर फोन केला की मदत मिळते. माझी नावनोंदणी अशाच एका हंगामाच्या आधी झाली. मला वाटलं होतं, फोन घ्यायला किंवा खोकी उचलायला ठेवतील. पण उत्तरायणाच्या आधी एका रविवारी सगळ्या नव्या लोकांना बोलावून शिकवायला बसवलं.

शिकवणाऱ्या डॉक्टर मूळच्या आणंदकडच्या. गुजरातीत बोलायच्या आणि आमच्यासारख्यांसाठी मध्येच हिंदीत शिरायच्या. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पहेलां अंधारुं, पछी दवा." जखमी पक्षी आला की आधी त्याला झाकणाच्या, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचं. आपण त्याच्याकडे कितीही मायेने बघत असलो, तरी त्याच्या लेखी आपण त्याला खायला आलेले प्राणी असतो. डोळ्यांसमोरून माणूस गेला की त्याची धडधड उतरते. पुष्कळ पक्षी जखमेपेक्षा धक्क्याने मरतात. खोकं उबदार हवं. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री बऱ्यापैकी गार असतात आणि रक्त गेलेल्या पक्ष्याला अंगातली ऊब टिकवता येत नाही. म्हणून गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे जास्त वाटलं तर त्याला दुसरीकडे सरकता येतं.

मग काय करायचं नाही, ते सांगितलं. चोच उघडून पाणी ओतायचं नाही. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. दूध-पाव द्यायचा नाही, पक्ष्यांना दूध पचतच नाही. दंडाचं हाड मोडून बाहेर आलं असेल तर जखमेवर पाण्याची धार धरायची नाही. हे कारण ऐकून आम्ही सगळे गप्प झालो. बहुतेक पक्ष्यांचं ते हाड पोकळ असतं आणि शरीरातल्या हवेच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. तिथे पाणी गेलं तर पक्षी आपल्या हातात बुडून मरतो. आणि धरायचं कसं? घार किंवा घुबड असेल तर आधी पाय ताब्यात घ्यायचे, कारण त्यांचं हत्यार नख्या. बगळा किंवा करकोचा असेल तर आधी चोच, कारण तो नेमका डोळ्यावर नेम धरतो. हे पाठ झाल्याशिवाय कोणालाही पक्ष्याला हात लावू देत नव्हते, आणि ते योग्यच होतं.

उत्तरायणाच्या दिवशी केंद्रात काय चालतं ते बाहेरून कळत नाही. दारात स्कूटर थांबते, कोणीतरी ओढणीत किंवा बुटांच्या खोक्यात पक्षी घेऊन आत येतं. एकीने नोंद करायची: कुठे सापडला, किती वाजता, कोणत्या दोरीने, दोरी साधी होती की नायलॉनची. दुसऱ्याने वजन घ्यायचं. मग टेबलावर. सर्वांत जास्त येतात पारवे. त्यांच्यामागून घारी, शराटी, बगळे, पोपट, घुबडं. बडोद्याच्या भोवती पाणथळ जागा भरपूर आहेत. डभोईजवळचा वढवाणा तलाव सयाजीराव महाराजांच्या राजवटीत, १९०९-१० च्या सुमारास, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. आज हिवाळ्यात तिथे दूरदेशीच्या बदकांचे आणि हंसांचे थवे उतरतात. २०२१ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. म्हणजे ज्या महिन्यात आपलं आकाश दोऱ्यांनी भरतं, त्याच महिन्यात ते पाहुण्यांनीही भरलेलं असतं.

पक्ष्यांच्या येण्याला वेळा आहेत, हे मला नोंदवही लिहितानाच दिसलं. सकाळी उजाडताना एक लाट, सूर्य कलल्यावर दुसरी. पक्षी रात्रीच्या झाडावरून चरायला निघतात आणि संध्याकाळी परततात, त्याच वेळा. म्हणून तर सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग उडवू नका, असं दरवर्षी आवाहन होतं. कित्येकांना ती सरकारी सूचना वाटते. वहीतला 'वेळ' हा रकाना एकदा वरून खाली वाचला की ती सूचना राहत नाही.

मांजा पक्ष्याला कसा कापतो हेही सांगायला हवं. पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटापर्यंत, कातडीची एक पातळ घडी ताणलेली असते. तिच्या कडेतून एक बारीक कंडरा (टेंडन) जाते. पंख उघडल्यावर ही कडा ताठ राहते, म्हणून हवा पंखावरून नीट वाहते आणि पक्षी वर राहतो. उडणाऱ्या पक्ष्याला दोरी दिसत नाही. तो वेगात तिच्यावर आदळतो तो याच कडेने. काचेची पूड लावलेली दोरी कातडी आणि कंडरा दोन्ही कापत हाडापर्यंत जाते. सुती दोरी निदान तुटते. नायलॉनची तुटत नाही. पक्षी फडफडतो तसतशी ती आणखी आत शिरते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली आहे. तरीही दर उत्तरायणाला आम्ही तो चिमट्याने पंखांतून बाहेर काढतो.

शराटी आला तो वासी उत्तरायणाच्या, म्हणजे १५ जानेवारीच्या सकाळी. आकोट्याच्या बाजूला एका कडुनिंबावर रात्रभर उलटा लटकला होता. अग्निशमन दलाच्या लोकांनी शिडी लावून उतरवला. काळा शराटी बडोदेकरांनी पाहिलेला असतोच, नाव माहीत नसेल इतकंच: अंगाने काळपट, खांद्यावर पांढरा डाग, डोक्यावर लालभडक खरखरीत कातडी आणि खाली वळलेली लांब चोच. शेतात, मैदानात, उकिरड्यावर किडे टिपत फिरतो. आमचे गुजराती सहकारी त्याला काळी कांकणसार म्हणतात. डावा पंख लोंबत होता, कडेची कातडी फाटून सुकली होती. आत दोरीचे तीन पदर रुतलेले.

डॉक्टरांनी आधी छातीचं हाड बोटाने चाचपायला लावलं. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर पक्षी मूळचा धडधाकट, हाड धारेसारखं लागलं तर उपाशी. याचं मांस चांगलं होतं. "जखम कालची आहे, पक्षी चांगला आहे, प्रयत्न करू," त्या म्हणाल्या. त्वचेखाली सलाईन दिलं, वेदना कमी करायचं औषध दिलं आणि त्याला तासभर अंधारात एकटं सोडलं. मला ती थांबण्याची वेळ फार जड गेली. जखम उघडी दिसत असताना हात बांधून बसायचं. पण धक्क्यातल्या पक्ष्याला लगेच भूल दिली तर तो परत उठत नाही, हे त्यांनी शांतपणे समजावलं.

वेदनाशामकाचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट. त्या केंद्रात पक्ष्यांना मेलॉक्सिकॅम देतात. ते का, हे डॉक्टर प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. डायक्लोफिनॅक हे दुसरं वेदनाशामक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या त्या ऱ्हासात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली नव्वद टक्क्यांहून जास्त गेली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर आपल्याकडे बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलं आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. म्हणून मांजात अडकलेलं एखादं गिधाड केंद्रात आलं की सगळे हातातलं काम सोडून येतात. तो एक पक्षी वाचणं म्हणजे खरोखरच पुढच्या कित्येक वर्षांची पिल्लं वाचणं. खेडा-आणंदकडच्या सारसांचंही तेच, त्यांची जोडी एका खेपेला एक-दोनच अंडी घालते.

मग पारव्यांसाठी एवढा आटापिटा का, असा प्रश्न मला माझ्या सासऱ्यांनी विचारला होता. प्रश्न खरा आहे. शहरात पारवे कमी नाहीत. पारव्याची एक जखम शिवल्याने पारव्यांच्या जातीचं काही भलं होत नाही, हे मी मान्य करते. पण तरुण डॉक्टरांचा हात पारव्यांवर बसतो. पशुवैद्यकांचं शिक्षण मुख्यतः गाई-म्हशींभोवती असतं, पक्ष्याची कागदासारखी कातडी शिवण्याचा सराव त्यांना इथेच मिळतो. आणि दुसरं, मला जास्त जवळचं कारण: ती जखम निसर्गाने केलेली नाही. ससाण्याने पारवा उचलला तर मी मध्ये पडणार नाही. आमच्या अगाशीवरच्या दोरीने तो कापला गेला तर त्याला शिवून देणं आमच्याकडे लागतं. सासरे यावर काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी घरात सुती दोरी आली, आणि संध्याकाळी पाच वाजता फिरकी गुंडाळून त्यांनी स्वतः कपाटात ठेवली.

शराटीचे टाके दुपारी पडले. कंडरा पूर्ण तुटली नव्हती, हे त्याचं नशीब. सलाईनने जखम धुतली, मेलेली कातडी कापून काढली, आपोआप विरघळणाऱ्या धाग्याने दोन थर शिवले आणि पंख मिटलेल्या अवस्थेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पट्टी बांधली. तिथे जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढले. त्या संध्याकाळी त्याचा फोटो कितीतरी मोबाइलवर फिरला.

खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते करायला माणसं नसतात. १५ तारखेला केंद्रात उभं राहायला जागा नव्हती. महिनाअखेरीस आम्ही मोजकेच उरलो: डॉक्टर, पिंजरे सांभाळणारे दोन भाई, कॉलेजची काही मुलं आणि माझ्यासारख्या एक-दोघी. खोल्या भरून पक्षी. प्रत्येकाला वेगळं खाणं, वेगळी पट्टी, वेगळी जागा.

माझी पाळी सकाळची, ऑफिसच्या आधी. आत गेल्यावर पहिलं काम वर्तमानपत्रं बदलणं, पण बदलण्याआधी विष्ठा बघायची. नुसती हिरवी असेल तर पोटात काही गेलेलं नाही. मग वजन, रोज त्याच वेळी, खाण्याच्या आधी, ग्रॅममध्ये. हे वजन म्हणजे पक्ष्याचं बोलणं. आजारी पक्षी शेवटपर्यंत आपण ठीक असल्याचं दाखवतो, कारण रानात दुबळा दिसला की संपला. तो दाखवणार नाही ते काटा दाखवतो. शराटीचं वजन पहिल्या आठवड्यात रोज थोडं थोडं उतरत होतं. खायला ठेवलेलं तसंच राहायचं. आम्ही चिरलेलं मांस, उकडलेलं अंडं असं सगळं देऊन पाहिलं. शेवटी पिंजऱ्यातल्या एका भाईंना सुचलं. ते म्हणाले, "बेन, आ तो जमीन खोदीने खाय." त्यांनी पसरट घमेल्यात माती भरली, तिच्यात अळ्या पुरल्या आणि पिंजऱ्यावर चादर टाकून आम्ही बाहेर आलो. दुपारी माती उकरलेली होती. दुसऱ्या सकाळी काटा थांबला, त्यानंतर चढू लागला. त्या दिवशी मी बँकेत दिवसभर कारण नसताना सगळ्यांशी गोड बोलत होते.

पायांची काळजी ही आणखी एक बाब. लांब पायांचा पक्षी बसून राहिला की पाय आखडतात, आणि कडक फरशीवर उभा राहिला की तळव्यांना जखमा होतात. म्हणून खाली जाड, मऊ अंथरूण, बसायच्या काठीला कापड गुंडाळलेलं. पट्टी फार दिवस ठेवली तर पंखाचा सांधा धरतो, लवकर काढली तर टाके उसवतात. डॉक्टर दर काही दिवसांनी पट्टी सोडत, मी चोच आणि पाय धरत असे, आणि त्या पंख अगदी सावकाश उघडून मिटवत. पहिल्यांदा पंख अर्ध्यावर अडला. पुढच्या वेळी थोडा आणखी उघडला. हे सगळं चालू असताना कोणी बोलायचं नाही, हा नियम. नाव ठेवायचं नाही, हाही नियम. त्याच्या पायात रंगीत कडं होतं आणि वहीत क्रमांक होता, तीच त्याची ओळख.

बोलायचं का नाही, हे घुबडांच्या पिल्लांपाशी नीट कळलं. फेब्रुवारीत दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याचं काम काढलं होतं. कामगारांना झरोक्यात गव्हाणी घुबडाची पिल्लं सापडली. वाड्यातल्या आजींना घुबड अशुभ वाटत होतं, सुनेला लक्ष्मीचं वाहन. दोघींचं एकमत एकाच गोष्टीवर, की इथे नकोत. पिल्लं केंद्रात आली. पांढरी लव, मोठे काळे डोळे, आणि फुस्स्स असा आवाज. सगळ्यांना त्यांना कुरवाळायचं होतं.

लहानपणी डोळे उघडताना जो समोर दिसतो, जो भरवतो, तो आपला, हे काही पक्ष्यांच्या मनात कायमचं ठसतं. माणसाळलेलं घुबड पुढे माणसांच्या खांद्यावर येऊन बसतं आणि दगड खाऊन मरतं. म्हणून भरवताना अंगावर चादर घ्यायची, चिमट्याने द्यायचं, चेहरा दाखवायचा नाही. आणि द्यायचं ते अख्खं, हाडं-केसांसकट. नुसतं मऊ मांस भरवलेल्या पिल्लांची हाडं वाकतात, कारण कॅल्शियम मिळत नाही. हाडं-केस ते नंतर गोळी करून तोंडावाटे टाकून देतात, ते बघून नवी मुलं घाबरतात.

पण सगळ्यांत उत्तम उपाय म्हणजे पिल्लांना आमच्याकडे ठेवायचंच नाही. माणसाचा वास लागला की आई-बाप पिल्लांना टाकतात, ही समजूत चुकीची आहे. पिल्लं धडधाकट होती. डॉक्टरांनी वाड्याच्या मालकांशी बोलून, त्याच भिंतीवर तितक्याच उंचीवर, काम चालू नव्हतं त्या बाजूला एक लाकडी पेटी ठोकायला सांगितली. मालकांची समजूत मी घातली, कारण ते मराठी आणि आमच्या ओळखीतले. "काका, घुबडांची एक जोडी पिल्लं असताना रात्रीतून कितीतरी उंदीर नेते, तुमच्या तळघरात काय आहे ते तुम्हीच बघता ना," एवढं म्हटल्यावर त्यांनी स्वतःच सुतार बोलावला. अंधार पडल्यावर पिल्लं पेटीत ठेवली. ती भुकेने ओरडायला लागली. आम्ही समोरच्या गच्चीवर दिवे घालवून बसलो. बराच उशीर झाल्यावर एक पांढुरकी सावली आवाज न करता भिंतीपाशी आली, पेटीच्या तोंडाशी थांबली आणि आत शिरली. वाड्यातल्या आजी आमच्या शेजारी पाटावर बसून बघत होत्या. "आली का गं आई?" त्यांनी विचारलं. नंतर त्या रोज संध्याकाळी फोन करून पिल्लांची खबर देत. पिल्लं उडून गेल्याचंही आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं.

सगळ्या गोष्टी अशा संपत नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याचा पंख मुळाशीच तुटला, हाडाचे तुकडे झाले, रक्तपुरवठा गेला, त्या पक्ष्याला डॉक्टर शांतपणे झोपवतात. सुरुवातीला मला हे सहन होत नसे. वाटायचं, उडता नाही आलं तरी जगू दे. मग मी एक घार पाहिली, एका पंखाची, कुणी हौसेने घरी ठेवलेली आणि निभेना तेव्हा आणून सोडलेली. तिच्या तळव्यांना खोल जखमा झाल्या होत्या, शेपटीची पिसं जाळीला घासून तुटली होती, आणि ती दिवसभर वर बघत असे. त्यानंतर डॉक्टरांच्या निर्णयावर मी मनातही शंका घेतली नाही. शिवाय वन्यजीव घरी बाळगणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. प्रेमापोटी ठेवला म्हणून तो कमी होत नाही. सापडलेला प्राणी वनखात्याला कळवायचा, हेच बरोबर.

शराटी आता मोठ्या पिंजऱ्यात होता. तिथे आडव्या काठ्या वेगवेगळ्या उंचीवर बांधलेल्या. पहिले काही दिवस तो फक्त उडी मारायचा. मग एका काठीवरून दुसरीवर, डावीकडे झुकत. हळूहळू झुकणं कमी झालं. सोडण्याआधी डॉक्टर ज्या गोष्टी पाहतात त्या साध्या वाटतात, पण एकही सुटून चालत नाही. उडताना दोन्ही पंख सारखे चालतात का, काही फेऱ्यांनंतर चोच उघडून धापा टाकतो का, पुरलेलं खाणं स्वतः शोधतो का, पिसं शाबूत आहेत का. मोडलेलं पीस पुढच्या पीसगळतीपर्यंत तसंच राहतं, म्हणून पिसांसाठी कधी कधी कित्येक महिने थांबावं लागतं. आणि शेवटची अट, मला सगळ्यांत आवडणारी: माणूस दिसल्यावर पळतो का? मी जाळीचं दार उघडलं की तो कोपऱ्यात जाऊन पंख फुगवायचा आणि चोच माझ्यावर रोखायचा. इतके दिवस त्याची माती मी चाळली, त्याचं वजन मी लिहिलं, आणि त्याला मी अजिबात नको होते. मला याचा मनापासून आनंद झाला. या कामाचं बक्षीस काय, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते, आणि बऱ्याच जणांना ते पटत नाही.

मधल्या काळात एक दुसरं काम चालू होतं. उत्तरायण संपलं तरी झाडांवर, तारांवर, खांबांवर दोऱ्यांचे गुंते लटकत राहतात. शराटीला सोडायचं तर कुठे? पक्षी शक्यतो सापडला त्याच भागात सोडायचा, कारण त्याचा थवा, त्याचं रात्रीचं झाड तिथेच. म्हणून आम्ही नोंदवही उघडली आणि आकोट्याच्या बाजूचे पक्षी कोणकोणत्या झाडांवरून उतरवले ते पाहिलं. पुन्हा पुन्हा त्याच दोन रस्त्यांची नावं. तिथल्या सोसायट्यांतल्या मुलांना रविवारी जमवलं. लांब बांबूला आकडा बांधून मुलं गुंते ओढायची, आम्ही खाली कात्रीने त्याचे बारीक तुकडे करून पोत्यात भरायचो, कारण लांब दोरी तशीच कचऱ्यात टाकली की उकिरड्यावर तीच पायांत अडकते. हे काम उपचाराइतकंच महत्त्वाचं आहे, माझ्या मते जास्तच. टाके एका पक्ष्याला पडतात, उतरवलेल्या गुंत्याने किती वाचले त्याची मोजदाद होत नाही. त्या रस्त्यांवरून नंतर आमच्याकडे पक्षी येणं अगदी कमी झालं. वहीतला 'ठिकाण' हा रकाना भरताना मी आता कोणालाही नुसतं 'बडोदा' लिहू देत नाही.

मार्चमध्ये एका सकाळी ऊन चढायच्या आत त्याला नेलं. वस्ती संपून शेतं सुरू होतात तिथे दोन शराटी नांगरलेल्या रानात चालत होते. खोकं जमिनीवर ठेवलं, झाकण उघडलं, मागे सरलो. तो काही क्षण आतच उभा राहिला, मग बाहेर आला, धावत चार पावलं टाकून उडाला. डावा पंख बरोबर चालत होता. त्याने त्याच्या जातीची ती कर्कश, किंचाळल्यासारखी हाक दिली. वनरक्षकांनी पंचनाम्यावर सह्या घेतल्या. मी नऊच्या आत घरी येऊन डबा भरला आणि कामावर गेले.

त्यानंतर उन्हाळा. उन्हाने भोवळ येऊन पडलेले पक्षी, झाडछाटणीत घरटं गेलेल्या खारी. पावसाळ्यात मगरी. विश्वामित्री पावागढच्या डोंगरातून येते आणि शहराच्या मधून जाते, तिच्यात मगरी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात धोक्याची पातळी २५ फूट असताना नदी ३५ फुटांच्या वर गेली, घरांत पाणी शिरलं आणि पाण्याबरोबर मगरीही सोसायट्यांत आल्या. वनखात्याचे लोक आणि सराईत स्वयंसेवक त्यांना पकडत होते: डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं की मगर शांत होते, आणि जबडा मिटायची ताकद प्रचंड असली तरी उघडायचे स्नायू दुबळे, त्यामुळे मिटलेला जबडा चिकटपट्टीने बांधता येतो. मी फक्त लांबून नोंदी केल्या. बहुतेक मगरींना काहीच झालेलं नव्हतं. त्यांना उपचार नको होते, पाणी ओसरेपर्यंत जागा हवी होती आणि मग नदी. प्राण्याला शक्य तितक्या लवकर आपल्या हातांतून जाऊ द्यायचं, हे तिथे सगळ्यांत स्पष्ट दिसतं. त्या दिवसांत आमच्याही तळमजल्यात चिखल होता, तरी गल्लीतल्या कोणीही मगरीला दगड मारल्याचं मी पाहिलं नाही. बडोदेकर म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो.

आता डिसेंबर संपत आला आहे आणि केंद्रात पुन्हा तयारी सुरू आहे. यायची इच्छा असेल तर १४ तारखेला गर्दीत येण्यापेक्षा फेब्रुवारीत या. आठवड्यातली एक सकाळ दिलीत तरी खूप झालं. आणि रिकाम्या हाताने येऊ नका. झाकणाची पुठ्ठ्याची खोकी आणा, जुनी वर्तमानपत्रं आणा, जुन्या सुती चादरी आणा. टॉवेल नकोत. त्यांच्या फासांत पक्ष्यांच्या नख्या अडकतात.